धुरीच्या खोलीची कडी

चौथ्या दिवशीही धनपाल भिंतीतून आरपार गेला.

पडद्यावरचा धनपाल म्हणजे सोळा बाय सोळा ठिपक्यांची पुतळी. पांढरा सदरा, काळे केस आणि डोळ्यांच्या जागी दोन ठिपके. पद्मजा चौगुलेने बाणाचं बटण दाबून धरलं, तशी पुतळी स्वयंपाकघराची भिंत ओलांडून, न्हाणीघरातून, शेजाऱ्यांच्या गोठ्यातून चालत थेट नकाशाच्या कडेला जाऊन उभी राहिली.

"भिंत काढलीत, पण ती भिंत आहे हे सांगितलं नाहीत," मागे उभ्या असलेल्या डॉ. समीना इनामदार म्हणाल्या. "प्रत्येक चौकोनावर 'अडवतो' किंवा 'अडवत नाही' अशी खूण करायची. नाहीतर ती नुसती रंगीत फरशी."

"एवढी ढळढळीत दिसतेय की."

"तुम्हाला दिसतेय. मागच्या वर्षी एका मुलीने वडिलांच्या नकाशात जिन्यावर चुकून 'अडवतो' अशी खूण केली. वडील बरे झाले, घरी गेले. अजून जिन्यापाशी आले की थांबतात. हाताला धरून वर न्यावं लागतं."

पद्मजाने खाली मान घालून भिंतीच्या दोनशे चौकोनांवर एकेक खूण करायला घेतली. मोबाइलवरचे फोटो पुढे पाठवण्यापलीकडे तिचा यंत्राशी कधी संबंध आला नव्हता.

दोन महिन्यांपूर्वी तिच्या नवऱ्याला, धनपालला, मेंदूज्वर झाला. ताप उतरला तेव्हा त्याला बोलता येत होतं, जेवता येत होतं, स्वतःची दाढीही करता येत होती. मात्र कोण, कुठे, कधी यांतलं काहीच उरलं नव्हतं. मेंदूत जागा ओळखणाऱ्या पेशी असतात, आणि खुंटीवर कपडे टांगावेत तशा आठवणी त्यांच्यावर टांगलेल्या असतात. ज्वराने या खुंट्याच उपटून टाकल्या होत्या. त्या नव्याने ठोकायची रीत इनामदारांच्या केंद्राने शोधली होती. मेंदू जागा सपाट जाळीसारखी मांडतो. हुबेहूब चित्रफीत दाखवली, तर तो ती सिनेमासारखी बघतो आणि सोडून देतो. पण वरून दिसणाऱ्या चौकोनांच्या साध्या जगात माणसाला स्वतः चालायला लावलं, काही काम दिलं, कुणाशी बोलायला लावलं, की ती जागा त्याची होते. मुलं खेळतात तसलाच हा भूमिका-खेळ. केंद्रात त्याला पाऊलनकाशा म्हणत. पेशी सैल करणारं इंजेक्शन घेऊन, डोळ्यांवर यंत्र लावून रुग्णाने तो वीस दिवस खेळायचा. एकविसाव्या दिवशी पेशी पुन्हा घट्ट होत, आणि मग त्यात बदल करता येत नसे.

नकाशा घरच्याच माणसाने करायचा असा नियम होता. कुठल्या वळणावर काय आहे, हे दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? पद्मजाच्या हाताशी पाच आठवडे होते.

दुसऱ्या आठवड्यात तिने माणसं केली. आधी सासूबाई केल्या आणि मेहनत वाचवायला त्यांच्याच प्रती काढून साड्यांचे रंग बदलले. पुतळी चालवून पाहिली, तर तासगावातल्या सगळ्या बायका तिला "जेवलास का रे?" असं विचारू लागल्या. डॉक्टर हसल्या. पद्मजालाही हसू आलं, पण मग तिने प्रत्येकीची वाक्यं नव्याने लिहिली. हे असंच राहिलं असतं तर काय झालं असतं, हे आता तिला कळत होतं.

तिसऱ्या आठवड्यात इनामदारांनी नकाशा वरून खालपर्यंत पाहिला. चौगुल्यांचं घर, बेदाण्याची शेड, क्रेटची रास, सगळं जागेवर होतं. शेडच्या मागे एक रिकामा चौकोन होता.

"इथे काय होतं?"

"धुरीची खोली. बेदाण्याला गंधकाची धुरी देतात. रंग पिवळाधमक राहतो. खोली बंद करून."

"मग काढली का नाहीत?"

"नाही काढली तर?"

"तिथे जे घडलं ते जाईल. त्याला जोडलेलंही जाईल. कोण असायचं तिथे?"

"माझा दीर. शांतू. दिवसभर तिथेच. आमच्याकडच्या चहाला नावं ठेवायची असली की तेवढा घरात यायचा."

"मग शांतूही जाईल."

अकरा वर्षांपूर्वी गंधक पेटवल्यावर शांतू कलंडलेला क्रेट सरळ करायला पुन्हा आत गेला होता. बाहेरून दाराची कडी लागली. बेदाणा निवडायचं यंत्र चालू होतं, त्यामुळे आतून मारलेल्या हाका कुणाला ऐकू आल्या नाहीत आणि शांतू आतच गुदमरून गेला. वाऱ्याने दार लोटलं आणि कडी आपोआप पडली, असं सगळ्यांचं ठरलं. पद्मजाने मात्र गच्चीवरून पाहिलं होतं. धनपाल फोनवर बोलत शेडमागून गेला, जाता जाता उघडं दार त्याने ओढलं, कडी घातली आणि बोलत बोलतच पुढे गेला. त्याचं त्याला कळलंही नव्हतं. आत शांतू आहे, हे तिलाही तेव्हा कळलं नव्हतं. नंतर अकरा वर्षं तो अधूनमधून विचारायचा, "पद्मा, मी तर नव्हती ना घातली कडी?" आणि ती म्हणायची, "अहो, वारा होता."

खोली काढायची, पण वाऱ्याने कडी पडली असं दाखवायचं, असं तिने ठरवलं. मग एका सकाळी डॉक्टर कपाळ पुसत आल्या.

"तुमच्या मिस्टरांनी मला औषधांच्या खोलीत कोंडलं. दारावरून गेले, कडी घातली आणि चालते झाले. पंधरा मिनिटं मी आतून हाका मारतेय."

"सवय आहे त्यांना," पद्मजाचा आवाज बारीक झाला. "पण त्यांना तर काही आठवत नाही ना?"

"सवयी दुसरीकडे असतात. तापाने त्यांना धक्का लागलेला नाही. ते दिसेल त्या दाराला कडी घालतात."

म्हणजे वाऱ्याची गोष्ट टिकणार नव्हती. धनपाल बरा होईल, स्वतःच्या हाताकडे पाहील आणि पुन्हा तेच विचारू लागेल. त्याची सुटका व्हायची तर तिथे दुसऱ्या कुणाचा तरी हात दिसायला हवा होता.

"डॉक्टर, एखादी गोष्ट खोटी घातली तर?"

"मेंदूला खरं-खोटं कळत नाही. पावलं पडली की ते खरं. मी फक्त भिंती तपासते, ताई. बाकी घरचं घरच्यांनी बघायचं."

खेळात अशा गोष्टींसाठी 'कळ' असते. एखादी घटना घडली आहे की नाही, एवढंच ती लक्षात ठेवते. कळ चालू असेल तर दार बंद, नसेल तर उघडं. पद्मजाने तीन आवृत्त्या केल्या. पहिल्या आवृत्तीत वारा होता. खरं कसं दिसतं ते पाहावं म्हणून दुसरीत धनपाल घेतला. तिसरीत हिरव्या साडीतली ती स्वतः. नवशिकीच्या हातून एकही कळ पहिल्या फटक्यात जुळत नव्हती. कधी शांतू आत जायचाच नाही. कधी मेलेला शांतू ओट्यावर येऊन म्हणायचा, "वहिनी, चहात साखर विसरलात की माझ्यावर राग आहे?" कधी दोन शांतू दिसायचे. दर वेळी सुरुवातीपासून चालावं लागायचं. घर, अंगण, क्रेट, शांतूशी बोलणं, शेडमागचं वळण आणि कडी. मग दुरुस्ती. मग पुन्हा घर, अंगण, क्रेट. सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत ती दिराला कोंडत होती.

शेवटच्या दिवशी दुपारी चार वाजता तिने तिसरी आवृत्ती दिली.

एकविसाव्या दिवशी धनपालने डोळ्यांवरचं यंत्र काढलं, खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाला, "पद्मा, किती वाळलीस."

ती रडली. तोही रडला. घराबद्दल, आईबद्दल, यंदाच्या बागेबद्दल त्याने विचारलं. मग त्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

"शांतूच्या वेळी कडी तू घातली होतीस."

"हो," ती म्हणाली.

हे म्हणताना जीभ अडखळेल म्हणून तिने मनाची तयारी केली होती. पण ती अडखळली नाही.

"मला कधी सांगितलं नाहीस. अकरा वर्षं मी..." त्याने मान फिरवली. "तेव्हा मी कुठे होतो?"

तिला गच्ची आठवायची होती. पण समोर आलं ते वरून दिसणारं चौकोनी अंगण आणि शेडमागे वळणारी हिरवी साडी. तिने ते दूर सारलं आणि नेटाने दुसरं शोधलं. पांढऱ्या सदऱ्याची पुतळी कडीपाशी आली. तेही तितकंच स्पष्ट होतं. मग वारा आला, तोही तितकाच स्पष्ट. तिने डोळे मिटून आपल्या हाताला विचारलं. बोटांना लोखंड आठवेना. आठवलं ते बाणाचं बटण.

ती जवळजवळ धावतच इनामदारांच्या खोलीत गेली. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि संगणकावर नोंद उघडली.

"एक हजार तीनशे बारा वेळा चाललात तुम्ही हा नकाशा."

"पण मला इंजेक्शन कुठे दिलं होतं?"

"त्यांना वीस दिवसांत शिकायचं होतं, म्हणून इंजेक्शन. आठवण काढली की मेंदू ती पुन्हा लिहितो, ताई. सगळ्यांचाच. तुम्ही तर ती दिवसभर काढत होतात." डॉक्टरांचा आवाज खाली आला. "आजवर नव्वद घरच्या माणसांनी नकाशे केले. आम्ही फक्त रुग्ण तपासले." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "खरं काय होतं?"

"ह्यांनी घातली होती," पद्मजा म्हणाली आणि थबकली. "दुसऱ्या आवृत्तीत."

"आवृत्तीत नाही. त्या दिवशी."

पद्मजा उठली आणि धनपालच्या खोलीकडे निघाली.

ती परत आली तेव्हा खोलीचं दार बाहेरून बंद होतं. धनपाल बाहेर बाकावर बसून आईशी फोनवर बोलत होता. तिला पाहूनही त्याने आवाज खाली केला नाही.

"मी नव्हतो गं आई. पद्माने घातली होती. तिनेच आत्ता कबूल केलं," तो म्हणत होता.

पद्मजा ऐकत उभी राहिली. ते खोटं आहे असं म्हणण्याइतकं आता तिला काहीच माहीत नव्हतं.