बुधवारची खोली

"बाई, लवकर या! प्रेस मशीनवाली समुपदेशिकेच्या अंगावर धावून गेलीय!"

कारखान्याच्या सुरक्षा अधिकारी धडाधड जिना उतरल्या. पोलिसातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी सगळे त्यांना इन्स्पेक्टरबाईच म्हणत. वाटेत एचआरवाला दिसला. कानात इअरफोन, तोंडात बिस्कीट, स्वतःशीच हसत होता.

"बुधवारी जरा गाणी ऐकतो," तो म्हणाला.

दर बुधवारी समुपदेशिका खालच्या जुन्या गोदामात बसे. 'मन मोकळं करा, शब्द बाहेर जाणार नाही' अशी दारावर पाटी. आत मात्र कुबट वासानं जीव नकोसा व्हायचा. फळीवर सुवासाची नवी कोरी डबी नुसतीच लुकलुकत होती.

बाईंनी दोघींना आपल्या केबिनमध्ये नेलं. प्रेसवालीच्या हातात नोटीस होती. "हिनंच चुगली केली! चार वाजता चौकशी, की मी घरी. माझ्या एकटीच्या पगारावर घर चालतं, बाई."

"मी कुणालाच काही सांगितलं नाही हो," समुपदेशिका रडवेली झाली.

नोटिशीत होतं: 'चालू प्रेसखाली हात घालावासा वाटतो, असे कामगाराचे म्हणणे. कामास अपात्र.'

"हे तू हिला कधी सांगितलंस?"

"गेल्या बुधवारी..." प्रेसवाली अडखळली. "म्हणजे, सांगणार होते."

"सांगितलंस की नाही?"

"नाही. यांना यायला उशीर झाला. एकटीच होते, म्हणून मोठ्यानं म्हणून बघितलं. या आल्यावर धीरच झाला नाही. झोप लागत नाही, एवढंच म्हटलं."

"ती डबी कुणी बसवली?"

"एचआरच्या साहेबांनी," समुपदेशिका म्हणाली.

बाईंना शिसारी आली. त्यांनी कारखान्याच्या मोठ्या साहेबांना एचआरवाल्याच्या टेबलामागे, त्याच्या नजरेआड उभं केलं. "नुसतं बघत राहा." मग खाली जाऊन खोलीचं दार लावलं आणि फळीकडे बघत साध्या आवाजात म्हणाल्या, "अगंबाई, एचआरच्या साहेबांच्या गाडीतून धूर येतोय की!"

वर खुर्ची धाडकन पडली. एचआरवाला इअरफोन लोंबकळवत गाडीकडे पळत सुटला.

चार वाजता बाईंनी सगळ्यांसमोर उलगडा केला.

"नोटिशीतलं वाक्य हिनं फक्त भिंतींना सांगितलं होतं. म्हणजे समुपदेशिका सुटली. भिंतींचं कोण ऐकत होतं? कुबट खोलीतली ही डबी बघा. सुवासाचा थेंब नाही, आत ऐकायचं यंत्र. धुराचं मी बंद खोलीत बोलले, आणि पळाला हा एकटाच."

"कंपनीच्या भल्यासाठीच केलं," एचआरवाला म्हणाला. मग आवाज खाली आणला. "तुम्हीही एकदा त्या खोलीत बसला होतात, बाई. सांगू का?"

"तू कशाला, मीच सांगते. आई गेल्यापासून मला जेवताना रडू येतं. झालं समाधान? आणि तू आमचं रडणं ऐकत बिस्किटं खात होतास. तुझ्या शेजारी उभं राहायचीही किळस येते मला. साहेब, पोलिसांना फोन लावा."

मोठ्या साहेबांनी नोटीस टराटरा फाडली. माणसं पांगली. प्रेसवाली तिथंच उभी होती.

"अगं, वाचली ना नोकरी?"

"वाचली. पण बाई, ते हात घालावासं वाटतं ना, ते खरंच आहे. आता ते सांगायचं कुणाला?"

"आज मशीनला हात लावायचा नाही," बाई म्हणाल्या. मग खोलीतल्या दोन्ही खुर्च्या उचलून त्यांनी बाहेर मोकळ्या मैदानात, उन्हात नेऊन ठेवल्या आणि समुपदेशिकेला हाक मारली.