अर्ध्या मिलिमीटरची चूक

टिक्…

सेफ्टीपिन फरशीवर पडली आणि मी श्वास रोखला. निधीनं झोपेतच कूस बदलली, ओठ हलवले आणि पुन्हा गप्प झाली. पाच वर्षांची मुलगी दुपारी झोपली, की माझे दोन तास सुरू होतात. टेबलावर कुणाचीशी कांजीवरम अर्धी चुणून पडली होती. साड्यांना आधीच निऱ्या घालायच्या, इस्त्री फिरवायची, पिना लावून चौकोनी घडी करून द्यायची, हे माझं काम. बायका घरी नेतात, कमरेभोवती गुंडाळतात, पाच मिनिटांत तयार. चेन्नईत या कामाला तोटा नाही, आणि अंबत्तूरच्या या दोन खोल्या त्याच्यावरच चालतात.

पिन शोधायला वाकले, तर दाराच्या जाळीपलीकडे पाय दिसले.

तपकिरी बूट. पांढरे मोजे. नजर वर गेली, तशी मी मोजतच गेले. पट्ट्यापट्ट्यांची पँट, काळा बेल्ट, बेल्टला मोबाईलची पिशवी, चौकटीचा शर्ट. खांद्याची शिवण खांद्यावरून घसरून दंडावर आलेली, खिशात दोन पेनं. आणि बटणं एक घर चुकलेली, त्यामुळे कॉलरचं एक टोक कानाला भिडायला निघालेलं.

वर चेहरा मात्र छान होता. शांत. थोडा घामेजलेला.

"किती वेळ उभे आहात?" मी कुजबुजले.

"दहा मिनिटें होतील," तोही कुजबुजला. "बाळ झोपलें आहे, बेल वाजवूं नये, असें लिहिलें आहे."

"मग हाक मारायची!"

"हाक म्हणजे बेलच कीं."

मला हसू आलं. या शहरात मराठी ऐकू येणं नवलाचंच, आणि हे असलं मराठी! आमच्या मिरजेला कुणी असं बोललं असतं, तर पोथी वाचतोय म्हणाले असते.

"तुम्ही वसंतामामींचे…"

"मुलगा. विजयेंद्र."

वसंतामामी माझं जुनं गिऱ्हाईक. त्यांचं घराणं तंजावरचं. तीनशे वर्षांपूर्वी पूर्वज दक्षिणेत उतरले, ते मराठी ट्रंकेत घालून घेऊन आले आणि ती ट्रंक पुन्हा उघडलीच नाही. वरून तमिळ तेवढं रचत गेले. आदल्याच दिवशी मामींचा फोन आला होता. "भवानी, माझ्या मुलास माणसांत आण गं. तीन आठवड्यांनीं तांबरमला मुलगी पाहायला जायचें आहे. आधीं तीन घरें झालीं. तिसऱ्या घरची आत्या काय म्हणाली ठाऊक? मुलगा बरा आहे, पण अंगावर कुणाचे कपडे घातले होते? अय्यो, मान खाली गेली माझी."

"मामी, मी साड्या करते. पुरुषांचं मला काय कळतं?"

"कापड तें कापडच," मामी म्हणाल्या होत्या, आणि फोन ठेवला होता.

आता ते कापड माझ्या दारात उभं होतं.

"चुका सांगा," स्टुलावर बसत तो म्हणाला. खिशातून छोटी वही काढली. "अकरा वर्षें ओरगडमच्या गाड्यांच्या कारखान्यांत आहें. रोज युनिफॉर्म. कपडे निवडायची वेळच आली नाहीं… शर्ट आई आणते. एक नंबर मोठा आणते."

"तुम्ही अजून वाढणार आहात, असं वाटतं का त्यांना?"

"पाण्यांत आटेल, असें वाटतें."

मी पाहतच राहिले. तो थट्टा करत नव्हता. मग त्याच्या डोळ्यांच्या कडा किंचित दुमडल्या, आणि मला शंका आली… करतही असेल.

"पहिली गोष्ट," मी म्हणाले, "खांद्याची शिवण खांद्यावरच हवी. बाकी सगळं सैल चालेल, घट्ट चालेल. खांदा चुकला की माणूस उसना वाटतो. दुसरी, एका वेळी एकाच कपड्यानं बोलायचं. चौकट बोलत असेल तर पट्टे गप्प."

त्यानं लिहून घेतलं. चौकट बोलतांना पट्टे गप्प.

"कारखान्यात काय करता?"

"गाडीचें दार आणि बॉडी यांच्यातली फट पाहतों. साडेतीन मिलिमीटर हवी. चार झाली कीं गाडी परत."

"डोळ्यांनी कळतं?"

"आधीं बोटानें. मग मापाचा गेज लावायचा." त्यानं टेबलाच्या कडेवरून बोट फिरवून दाखवलं, अगदी हलकं, झोपलेल्या कुणाला जाग येऊ नये असं. मी उगाचच निऱ्या मोजायला लागले. चुकले. पुन्हा मोजल्या.

पुढच्या शनिवारी शर्ट मापाचा होता. पांढरा, पातळ, आणि आतून बनियनचा गळा ढळढळीत दिसणारा.

"खिडकी उघडी राहिली तुमची," मी म्हणाले.

निधी जागी होती. ती त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारून आली आणि तमिळमध्ये म्हणाली, "आई, यांची बटणं पण चुकलीत."

चुकली होती. आजही एक घर.

त्या दिवशी बेल्टची गोष्ट झाली: बूट तपकिरी तर बेल्ट तपकिरी. मोबाईल खिशात. नवे बूट समारंभाच्या दिवशी पहिल्यांदा घालायचे नाहीत, पाय सुजतात आणि चेहऱ्यावर दिसतं. तो लिहीत होता, निधी त्याला शाळेतलं गाणं शिकवत होती, आणि तो चुकला की ओरडत होती.

"आणि सगळ्यात मोठी चूक," मी म्हणाले. "चांगले कपडे चांगल्या दिवसासाठी जपून ठेवणं. वर्षातले दहा दिवस झकपक, बाकी साडेतीनशे दिवस पोतेरं. रोज लोक आपल्याला ज्यात पाहतात, तेच आपण असतो."

त्यानं पेन थांबवलं. कपाट उघडं होतं. वरच्या कप्प्यात पिकल्या आंब्याच्या रंगाची साडी, घडीसुद्धा न मोडलेली. त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग माझ्या करड्या कुडत्याकडे.

"हा धुवायला सोपा पडतो," मी पटकन म्हणाले.

"मी कांहींच बोललों नाहीं."

खरंच बोलला नव्हता. तरी तो गेल्यावर मी बराच वेळ आरशापुढे उभी होते. निधी सहा महिन्यांची असताना माझा नवरा, विश्वजित, अपघातात गेला, त्याला साडेचार वर्षं झाली. तेव्हापासून माझ्या अंगावर भिंतींचे रंग आहेत. कुणी घालायला लावले नाहीत. मीच भिंतीला लागून उभी राहिले, कुणाला दिसू नये म्हणून… हे त्याला दोन शनिवारांत दिसलं होतं?

तिसऱ्या शनिवारी पाऊस होता. नोव्हेंबरचा, इकडचा, समुद्रावरून आडवा येणारा. घरभर ओले कपडे दोरीवर, इस्त्रीची वाफ, आणि त्याच्या केसांतून टपकणारं पाणी. पँट बरोबर. खांदा बरोबर. बेल्ट, बूट, मोजे, सगळं बरोबर.

बटणं? एक घर खाली.

मी इस्त्री उभी करून ठेवली.

"एक विचारू?"

"विचारावें."

"साडेतीनाची फट चार झालेली तुम्हाला बोटाला कळते. मग एवढालं बटण कसं सुटतं?"

तो पावसाकडे पाहत राहिला. "सुटत नाहीं."

"म्हणजे?"

"लावतांना कळतें कीं चुकलें. तसेंच ठेवतों."

"पण का?"

"सगळें नीट असलें," तो अगदी हळू म्हणाला, "तर तुम्ही 'बरोबर' म्हणाल… आणि पांच मिनिटांत मी जिन्यावर असेन."

दोरीवरच्या कपड्यांतून पाणी गळत होतं. थेंब, थेंब. मला काही तरी हलकं, थट्टेचं बोलायचं होतं. आपला आवाज ऐकला तेव्हा तो कोरडा होता.

"पुढच्या रविवारी तांबरमला जायचंय तुम्हाला."

"होय. आईनें शब्द दिला आहे."

"मग बटणं नीट लावायला शिका."

त्यानं मान हलवली. तिथंच, माझ्यासमोर, एकेक बटण काढून पुन्हा लावलं. वरचं लावताना बोटं थांबली. माझे हात पाठीमागे होते, एकमेकांना घट्ट धरून.

चौथ्या शनिवारी त्यानं दोन शर्ट आणले. एक मामींनी घेतलेला: पोपटी, चकचकीत, दिवा लावला तर आरसा व्हावा असा. दुसरा त्याचा स्वतःचा, हातमागाचा फिका निळा. चार शनिवारांत निवडायला शिकला होता तो.

"उद्यां कुठला?"

निळ्यात तो कसा दिसेल, मला ठाऊक होतं. ती मुलगी, विद्यालक्ष्मी, कॉलेजात शिकवते असं मामी म्हणाल्या होत्या. डोळे असतील तिला. आणि पोपटीत कसा दिसेल, तेही ठाऊक होतं.

"पोपटी," मी म्हणाले.

त्याच्या भुवया जराशा उचलल्या. पण त्यानं विचारलं नाही. "तुम्ही सांगाल तसें," म्हणाला, आणि तो भयंकर शर्ट इतक्या जपून घडी घालून पिशवीत ठेवला, की मला बघवेना. चौथं घर. पुन्हा मामींची मान खाली. आणि हा माणूस तिथं बसणार, माझ्यावर विश्वास ठेवून, आरशासारखा चमकत.

बुटांचा आवाज जिन्यात एक मजला उतरला होता. मी कठड्यावरून वाकले.

"विजयेंद्र! तो नको. निळा!"

तो वळला. "खात्री आहे?"

"निळा. बाह्या कोपराखाली दोनदा दुमडा. आणि… बटणं नीट लावा."

"नीट लावलीं तर…"

"माहीत आहे मला," मी म्हणाले, आणि आत आले.

रविवारी मी एकच साडी तीनदा चुणली. निधी म्हणाली, आई, तू आज चिडकी आहेस. मी म्हणाले, झोप.

पाचच्या सुमाराला जाळीपलीकडे बूट दिसले. बेल नाही, हाक नाही. निळा शर्ट, बाह्या दोनदा दुमडलेल्या, बटणं एकूण एक आपापल्या घरात. इतका सुंदर दिसत होता की मला राग आला.

"पेढे आणलेत का?"

"नाहीं." तो आत आला नाही. "विद्यालक्ष्मी गॅलरींत बोलायला आली. म्हणाली, शर्ट छान आहे, कुणी निवडला? मी सांगितलें. म्हणाली, मग पुढें? मग… मी सांगत गेलों."

"काय सांगत गेलात?"

"खांद्याचें. चौकटीचें. इस्त्रीच्या वाफेंत तुमचे केस कपाळाला चिकटतात, तें. निधीचें गाणें. कॉफी गार झाली." "ती हसली. म्हणाली, सर, मुलगी पाहायला तुम्ही चुकीच्या घरीं आलांत."

मी दाराची चौकट धरली. "आणि मामी?"

"गाडींत सांगितलें. पोरूर येईपर्यंत एक शब्द नाहीं. मग म्हणाली, अरे मूर्खा, ज्या मुलीस विचारायचें, तिला विचारलेंस का?" तो थांबला. "म्हणून विचारायला आलों."

मी बोलले ते सगळं उलटसुलट बाहेर आलं. मला मुलगी आहे. हो, ठाऊक आहे, तो म्हणाला. लोक बोलतील. बोलूं देत. मला वेळ लागेल.

"किती?"

"ते गेज लावून मोजता येणार नाही."

"सरि," तो म्हणाला. तमिळमधला होकार, पण त्याच्या तोंडी तो शपथेसारखा वाटला.

"आणि अजून एक," मी म्हणाले. माझे कान तापले होते. "काल पोपटी सांगितला ना मी… तो चुकून नव्हता. तिनं तुम्हाला नाकारावं म्हणून सांगितला."

तो हसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, मोकळं, जिन्यात घुमेल असं.

त्या हसण्यानं निधी उठली. गालावर उशीची नक्षी, एक वेणी सुटलेली. माझ्या मागं येऊन उभी राहिली, त्याला पायापासून वरपर्यंत तपासलं.

"आज बटणं बरोबर आहेत," ती म्हणाली. "आता हे येणार नाहीत?"

"येतील," मी म्हणाले. "रोज येऊ का, असं विचारतायत."

"मग तू काय सांगितलंस?"

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचा हात कठड्यावर होता, बोटं अगदी स्थिर.

"हो," मी म्हणाले.

निधीनं थोडा विचार केला. मग माझी ओढणी ओढून मला खाली वाकवलं, तोंड कानाशी आणलं, आणि त्याला ऐकू जाऊ नये इतक्या हळू विचारलं,

"आई… बाबांना चालेल का गं?"