कडी आतून

आमची पहिली भेट झाली ती कपड्यांच्या कारखान्यात, बायकांच्या संडासाच्या दारात. प्रेमाची सुरुवात याहून बऱ्या जागी व्हायला हवी होती, पण झाली ती तिथेच!

मी दारावर पहारा देत होते. आत बटणं लावणाऱ्या मावशी होत्या आणि दाराला कडी नव्हती. तो पॅकिंगचा सुतार, लाकडी खोकी ठोकणारा. भुवयांवर भुसा, हातात बाटली.

"घामाघूम झालात. पाणी घ्या."

"नको."

"विष नाही कालवलं!"

"पाणी प्यायलं की इथे यावं लागतं, आणि इथे यायचं तर पहाऱ्याला दुसरी लागते. म्हणून आम्ही शिलाईवाल्या दिवसभर पाणीच पीत नाही. निम्म्या जणींना लघवीची जळजळ. मावशींना तर ताप..."

त्याचं हसू मावळलं. त्याने दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे — जरा जास्तच वेळ.

दुसऱ्या दिवशी दाराला नवीकोरी कडी होती... बाहेरून!

"अहो, कोंडून घालायचंय का आम्हाला?"

तो कानापर्यंत लाल झाला. "जन्मभर खोकीच केली हो... ती बाहेरूनच बंद होतात."

अख्खा शिलाई विभाग पोट धरून हसला. त्याने कडी काढून आतून बसवली. स्क्रू पिळता पिळता हळूच म्हणाला, "तुम्ही अशा हसणार असाल, तर रोज चुकेन मी."

"चुकून बघा," मी म्हटलं, आणि मशीनकडे वळून उगाचच बॉबिन शोधू लागले.

दुपारी साहेब आले. "कोणी लावली ही? काढ आत्ताच. आत बसून वेळ काढतील या."

सुताराच्या हातात अजून स्क्रूड्रायव्हर होता. "त्यांना विचारा साहेब. दार त्यांचं आहे."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. नोकरी गेली तर घरी आई आणि मी, माझ्याशिवाय कमावणारं कोणी नाही. तरी उठले.

"साहेब, आधी तुमच्या केबिनच्या संडासाची कडी काढा. मग आमची काढा."

मी माझं मशीन बंद केलं. मग मावशींनी हातातलं बटण खाली ठेवलं. मग एकेक करत सगळी मशीनं थांबली. साहेबांनी घसा खाकरला. "राहू दे," म्हणाले, आणि चालते झाले. मावशींनी चक्क शिट्टी मारली!

त्या दिवशी आमच्या विभागातला पाण्याचं पिंप सुटीआधीच रिकामं झालं. ते रिकामं पिंप बघून मला जितका अभिमान वाटला, तितका आयुष्यात कशाचाच वाटला नव्हता.

फाटकाशी तो उभा होता. त्याने बाटली पुढे केली. मी घटाघटा सगळी संपवली.

"एक विचारू? माझ्या घरी... म्हणजे, आपल्या घरी... याल?"

"कडी कुठून?"

"आतून!" तो घाईघाईने म्हणाला. "आता नाही चुकणार."

"आणि ती उघडायची कधी, ते मी ठरवणार."

"मान्य. पण... मला आत घ्याल ना?"

हा माणूस मला हवा होता. अगदी हवा होता.

"आधी तो भुसा झटका," मी म्हटलं, आणि त्याच्या भुवईकडे माझाच हात गेला.