दोन ते चार, बाहेरून कुलूप

त्या दिवशी मी पुसदला फक्त एक कुलूप घ्यायला गेलो होतो. दुकानदाराने विचारलं, "सर, गावाले जाऊन राह्यले का?" मी म्हटलं, "नाही, घरातच बसायचं आहे." तो हसला. मीही हसलो.

पुढचं सांगताना माझी मलाच खात्री नसते, हे आधी कबूल करतो. तीस वर्षं कॉलेजात शिकवलं, पीएच.डी. केली, पण आईवरचं पुस्तक लिहून होईना. आई, रुखमाबाई, लोकांच्या शेतात कापूस वेचायची. त्या मजुरीवर मी शिकलो. मी एकाहत्तरचा झालो तरी तिची पंधरा पानंही धड जमली नव्हती. दारात कोणी आलं की मला 'नंतर या' म्हणवत नाही. म्हणून पुसदजवळच्या एका तांड्यालगत दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि नेम केला, रोज दुपारी दोन ते चार लिहायचं. स्वयंपाकाच्या मानीबाईंनी बाहेरून कुलूप लावायचं, किल्ली न्यायची आणि चारला येऊन काढायचं. येणाऱ्याला वाटावं, सर घरी नाहीत.

"आतमंदी सोनं हाये का जी?" मानीबाई म्हणाल्या. "लोकं चोराच्या भेवानं कुलूप लावते, तुम्ही पावण्याच्या भेवानं!"

आठ दिवस कागद कोराच राहिला. एप्रिलचं ऊन, वीज गेलेली, कूलर बंद. खिडकीतून मोहाच्या फुलांचा आंबूस वास यायचा. कुलूप लागलं की खोली कोणीतरी श्वास रोखून धरावा तशी व्हायची. नवव्या दिवशी मात्र पेन चालू लागलं. आई ओटीत कापूस घेऊन वाकलेली मला दिसली, आणि तीन पानं झाली.

चारला मानीबाईंनी दार उघडलं आणि तिथेच थांबल्या.

"तुम्ही कुठून निंगाले जी?"

"कुठून म्हणजे?"

"अडीच वाजता पांदणीच्या वाटेनं चालले होते. मी हाक देल्ली. तुम्ही पाह्यलंच नाही."

"दुसरं कोणी असेल."

"तोच सदरा. तेच लंगडणं." कुलूप त्यांच्या हातातच होतं. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

उन्हाने भास होतात, असं मी त्यांना समजावलं. पण दोन दिवसांनी पानठेल्यावरचा संघदीप म्हणाला, "काल उमरखेडच्या गाडीत चढले ना सर? पान न घेताच!" काल मी सात पानं लिहिली होती.

उमरखेडला माझी मुलगी संगीता राहते, शाळेत शिकवते. दोन वर्षं तिला मी एकच सांगत होतो, पुस्तक होऊ दे, मग येतो. त्याच संध्याकाळी तिचा फोन आला.

"बाबा, काल किती बरं वाटलं! न सांगता आले तुम्ही. दोन पोळ्या जास्तीच्या खाल्ल्या. आणि हसत होते चक्क…"

एसटीने उमरखेडला जाऊन यायलाच तीन तास लागतात, आणि दोन ते चार तर मी कुलपात होतो. तो मी नव्हतो, हे शब्द ओठांपर्यंत आले. पण एवढ्या आनंदाने ती माझ्याशी कित्येक वर्षांत बोलली नव्हती.

"हो," मी म्हटलं. "मलाही बरं वाटलं."

या खोटेपणाची लाज अजून वाटते. रोज दोनला कुलूप लागायचं, पानं वाढायची, आणि तिकडे कोणीतरी माझ्या लेकीच्या घरी जेवायचं. शेवटी एका दुपारी पावणेचारला मी आतूनच तिला फोन लावला.

"हळू बोला," ती कुजबुजली. "बाबा आत्ताच जेवून आडवे झाले."

"संगीता… मी बोलतोय. बाबा."

तिची पावलं ऐकू आली, मग एक दार अलगद लोटल्याचा आवाज.

"मले माहीत आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे? मग तू…"

"ते निदान येतात तरी, बाबा." ती आणखी हळू बोलली. "तुम्ही लिहा. त्यांले येऊ द्या."

त्या रात्री मी ठरवलं, पुस्तक गेलं खड्ड्यात, उद्या आपणच जायचं. सकाळी मानीबाईंना म्हटलं, आज कुलूप नको, किल्ली द्या.

"किल्ली?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "ते तं मंघाशी तुम्हीच मांगून नेली, पांदणीत. मी म्हटलं मले पुसदच्या बाजारात जायचं हाये, तं तुम्ही म्हणाले, जा, आता कुलपाचं मी पाहीन."

दुपारची गाडी धरायची म्हणून दोनला पाच कमी असताना मी सदरा घातला, पिशवी घेतली. चपला घालायला वाकलो, तेवढ्यात दार हळूच ओढलं गेलं. बाहेर कुलूप खटकन बसलं. मग पावलं दूर गेली, एक पूर्ण आणि एक ओढलेलं, एसटीच्या थांब्याकडे.

मी ओरडायला हवं होतं. खिडकी होती, फोन होता. पण मी टेबलापाशी जाऊन बसलो. सांगायला जीभ रेटत नाही… त्या दुपारी अकरा पानं झाली. इतकं चांगलं मी कधीच लिहिलं नव्हतं.

बरोबर चारला बाहेरून कुलूप निघालं. मी किती तरी वेळ दार उघडलं नाही. शेवटी उघडलं, तेव्हा उंबऱ्यावर एक डबा होता, झाकणावर संगीताचं नाव कोरलेलं. झाकण काढलं. आत दोन पोळ्या होत्या, अजून गरम.