शेपटीला पोचलं

नांदखेडे गावात रोज संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी दिवे पिवळे पडायचे, पंखे मलूल व्हायचे, आणि रोहित्राशेजारी (बाहेरून आलेल्या विजेचा दाब कमी करून ती घरोघरी पाठवणाऱ्या पेटीशेजारी) एका पायावर उभा असलेला यंत्रमानव गंभीर आवाजात म्हणायचा, "भार जास्त. वीज बंद करत आहे. क्षमस्व." त्याचं खरं नाव लांबलचक होतं. पोरं त्याला बगळा म्हणायची.

साल होतं २०४१. गावात साठ गाड्या होत्या आणि साठही विजेवर चालायच्या. प्रत्येकाच्या दाराशी चार्जर होता. जुईचं घर मात्र तारेच्या अगदी शेवटी, त्यामुळे वीज असली तरी तिच्या दारापर्यंत येताना तिच्यात दम उरायचा नाही. जुईची आई गाडीतून गावातल्या अकरा मुलांना तालुक्याच्या शाळेत न्यायची. त्या आठवड्यात तीन दिवस गाडी जागची हलली नाही. गाव चिडलं होतं. रविवारच्या ग्रामसभेत चार्जर उपटून पुन्हा पेट्रोलवर जायचं, असं जवळजवळ ठरलंच होतं.

सगळ्यात जास्त तोंड लपवत होते जुईचे आबा. ते विजेचे शास्त्रज्ञ. गावात या गाड्या त्यांनीच आणवल्या होत्या.

"माझं गणित चुकत नाही गं," ते पुन्हा कागद पुढे करत म्हणाले. "एका गाडीला नऊ युनिट लागतात. साठ गाड्यांना पाचशे चाळीस. आणि रात्रभरात रोहित्र गाड्यांसाठी सातशे वीस युनिट देऊ शकतं. वीज उरायला हवी!"

"मग बगळा का रडतो?" जुईनं विचारलं.

बगळ्याला अपमान वगैरे कळत नसे. तो म्हणाला, "युनिट म्हणजे एकूण वीज. किलोवॅट म्हणजे ती एका वेळी किती वेगानं ओढली जाते. घागरभर पाणी घोटाघोटानं पिता येतं. एका दमात प्यायलं तर ठसका लागतो. गाड्यांसाठी मी एका वेळी साठ किलोवॅट सोसतो. एक गाडी तीन किलोवॅट ओढते. सात वाजून दहा मिनिटांनी साठ गाड्या. तुम्हीच गुणा."

"एकशे ऐंशी!" जुई ओरडली. "तिप्पट! पण सगळे एकाच वेळी कशाला लावतात?"

हे बगळ्याला ठाऊक नव्हतं, आबांच्या कागदावरही नव्हतं. म्हणून जुई वही घेऊन दारोदार फिरली. सीताक्काच्या अंगणातली गाडी नव्वद टक्के भरलेली होती, तरी तिची वायर चार्जरला लावलेली.

"आक्का, भरलीये की गाडी!"

"असू दे. वीज आहे तवर घेऊन ठेवायची, पोरी. कधी जाईल काय भरवसा?"

गावात भारनियमन (वीज कमी पडली की ठरावीक वेळ ती बंद ठेवणं) संपून आठ वर्षं झाली होती, पण माणसांच्या अंगातली भीती काही संपली नव्हती. सातला दूध घालून सगळे घरी यायचे आणि आधी वायर लावायचे, मग पाय धुवायचे. आबांनी यंत्रं आणली, तारा ओढल्या, पण गावाशी दोन शब्द बोलायचं राहून गेलं.

जुईनं घरी येऊन हे सगळं आबांना सांगितलं.

"आबा, पाटाच्या पाण्याला पाळ्या असतात ना? तशा विजेला लावल्या तर?"

"त्या पाळ्या लावणारा माणूस मीच घालवला, जुई," आबा म्हणाले.

मग त्यांनी धुडकूबाबांची गोष्ट सांगितली. धुडकूबाबा गावचे पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी शेतोशेती वाटणारे. चाळीस वर्षं त्यांनी ते काम केलं. पाट जिथं संपतो त्या टोकाच्या शेताला ते शेपटी म्हणायचे. शेपटीला पाणी पोचलं की "पोचलं होऽऽ" अशी हाळी द्यायचे आणि मगच भाकरीचं फडकं सोडून जेवायला बसायचे. सात वर्षांपूर्वी आबांनी पाटावर आपोआप उघडणारी दारं बसवली आणि भर ग्रामसभेत हसत म्हणाले, "धुडकूबाबा, आता घरी बसून आराम करा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी खांद्यावरचं फावडं तिथंच भिंतीला टेकवलं आणि महिन्याभरात घर विकून मुलीकडे धुळ्याला गेले.

"त्यांना दुसरं काम शिकवता आलं असतं. मला सुचलंसुद्धा नाही," आबा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

शनिवारी दोघं धुळ्याला गेले. बाबा एका मंगल कार्यालयाच्या फाटकाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर राखणीला बसले होते. आबांनी माफी मागायला तोंड उघडलं, पण बाबांनी हातानंच थांबवलं आणि जुईची वही मागून घेतली.

"एका वेळी किती गाड्यांना पुरते?"

"वीस," जुई म्हणाली. "एक गाडी तीन तासांत भरते."

"मंग तीन पाळ्या. पहाटे चारला मोकळे. शेपटीपासून सुरू करा. तोंडाशी बसलेल्याला आधी दिलं तं तो सोडत नही. शेपटीला आधी दिलं तं तोंडाशी बसलेला गुमान थांबतो. आपल्याच दारावरून चाललंय, आपल्याला चुकणार नही, हे त्याला दिसतं. आन् प्रत्येकाला त्याची वेळ आधी सांगा. वेळ कळली का माणूस घाई करत नही."

"परत चला, बाबा," आबा म्हणाले. "हे काम तुमचंच आहे."

बाबांनी नकारार्थी मान हलवली. आबांना ते मानानं जिभाऊ म्हणायचे. "गावात आता घर कुठं ऱ्हायलं, जिभाऊ? नव्या पोरांना शिकवा. मला नव्हतं शिकवलं, त्यांना तरी शिकवा."

परतताना आबांनी वाटभर जुईच्या वहीत तीन पाळ्या मांडल्या.

रविवारी ग्रामसभेत आबा उभे राहिले. आधी त्यांनी सात वर्षांपूर्वीची चूक सगळ्यांसमोर कबूल केली आणि मग पाळ्या समजावल्या. वीज सोडणं-थांबवणं बगळा करील, पण कुणाला पहाटे लवकर निघायचंय, कुणाची गाडी भरलेलीच आहे, हे दारोदार विचारणारं आणि चार्जर दुरुस्त करणारं माणूस लागेल. त्याला पगार, त्याआधी सहा महिन्यांचं शिक्षण, आणि पदाचं नाव वीजपाटकरी. पहिलं नाव दिलं पेट्रोल गाड्यांचं गॅरेज बंद पडलेल्या रफिकमामांनी, आणि मागोमाग आयटीआय झालेल्या दोन मुलींनी. गावानं चार्जरना आठ दिवसांची मुदत दिली. नवी माणसं शिकून तयार होईपर्यंत घरोघरी वेळा सांगायचं काम आबा आणि जुईनं घेतलं.

सोमवारी सात वाजून दहा मिनिटांनी सगळं गाव दारात उभं राहून दिव्यांकडे बघत होतं. दिवे पिवळे पडले नाहीत. बगळा गप्प होता. जुईच्या अंगणात आईच्या गाडीवर चार्जिंग सुरू झाल्याचा हिरवा ठिपका लागला. उद्या अकरा मुलं शाळेत जाणार होती.

जुईनं धुळ्याला फोन लावला. पलीकडे लग्नाचा बँड वाजत होता, म्हणून ती जोरात ओरडली, "बाबा, शेपटीला पोचलं होऽऽ!"

आबा शेजारीच उभे होते, पण फोन घ्यायला त्यांचा हात पुढे झाला नाही.

पलीकडे डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. "पोचलं ना?" धुडकूबाबा म्हणाले. "चला, मंग जेवतो आता."