साहुल म्हणजे कधी?

दक्षिण कोरियातल्या देगू शहराच्या त्या बसथांब्यावरची माणसं नाक मुरडत लांब सरकली. हानसोलच्या बुटाखाली जिंकगोच्या झाडाचं पिकलेलं फळ फुटलं होतं! हलली नाही ती एकटी सोदाम.

“इतकी घाण मारणारं झाड नर की मादी?” तो ओशाळून पुटपुटला.

“थांबा, शोधते.” तिची बोटं फोनवर चालली. “मादी.”

“वाटलंच!”

“ओ, फळही मादीलाच लागतं म्हटलं!”

तो असा काही हसला, की सोदामची बस येऊन गेली तरी तिला पत्ता नाही.

मग रोज तोच थांबा, रोज नवा प्रश्न. ऑक्टोपसला हृदयं किती? तीन.

“आणि तुम्हाला?” तिनं डिवचलं.

“एकच... तेही सध्या जागेवर नाही.”

एरवी फटकळ असलेली सोदाम कानापर्यंत लाल झाली.

एका गुरुवारी मात्र तो गंभीर होता. “साहुलनं मी नोकरीसाठी जेजू बेटावर निघतोय. त्या दिवशी संध्याकाळी सहाला याल इथं? नंबर तेव्हाच मागेन, आज धीर होत नाही. नाही आलात, तर... समजेन काय ते.”

साहुल! दिवस मोजायचा, आजोबांच्या तोंडचा जुना शब्द. कोरियनमध्ये ‘सा’ म्हणजे चार, म्हणजे चार दिवसांनी, सोमवारी. सोदामनं मनात हिशेब केला आणि तीन रात्री धड झोपली नाही.

रविवारी संध्याकाळी बातम्यांत ‘साहुलची सुट्टी’ ऐकून धाकटी बहीण ओरडली, “तीन दिवस मज्जा!”

“चार गं, येडे! थांब, दाखवते.”

शोधलं. क्षणात उत्तर आलं. साहुल : तीन दिवस.

म्हणजे आज! ऊठसूट फोनला विचारणाऱ्या या बयेनं नेमका हाच शब्द विचारला नव्हता, येतोच की म्हणून! सहा तर वाजून गेले होते. ती घरातल्या चपलांवरच सुसाट सुटली.

थांब्यावर तो होता. जवळ बॅग मात्र नव्हती.

“मला वाटलं, चार... मी मूर्ख...” तिला रडू फुटलं.

“एकट्या तुम्हीच नाही, अर्ध्या देशाला तसंच वाटतं. गुरुवारी रात्री मीही तो शब्द शोधला ना!” तो हसला. “म्हणून तिकीट मंगळवारचं करून घेतलं. आज आलो, उद्याही येणार होतो.”

“आणि उद्याही आले नसते तर?”

“तर गल्लोगल्ली हिंडलो असतो. सोदाम... मला तू फार आवडतेस गं.”

तिनं त्याचा हात घट्ट धरला.

“मलाही तू,” ती धापा टाकत म्हणाली. “मंगळवारी मी विमानतळापर्यंत येणार आहे. नाही म्हणायचं नाही!”