कोपराची साक्ष

सत्य कधी लपत नाही, असं त्या जुन्या जिल्हा न्यायालयाच्या दारावर दगडात कोरलं होतं. आणि पिढ्यान्‌पिढ्या माणसं त्याच दाराखालून खोटी साक्ष द्यायला आत जात होती. आता कोर्ट नव्या इमारतीत गेलं होतं. ही जुनी पाडायची की जपायची, ते एक समिती ठरवणार होती. पाहणीसाठी बांधकाम खात्याचा तरुण इंजिनीअर आला, तेव्हा एक मुलगी साक्षीदाराच्या पिंजऱ्याशेजारी उकिडवी बसून भिंतीची समजूत काढत होती.

"महिनाभर दम धर गं बाई."

ती जुन्या इमारतींची तज्ज्ञ. भिंतीतल्या भेगेवर तिने काचेची पट्टी चिकटवली होती. भिंत सरकली तर काच तडकणार. महिनाभर शाबूत राहिली, तर इमारत वाचणार. इंजिनीअरने आठवड्यातून एकदा बघून जायचं होतं. तो रोज येऊ लागला. खात्यात अशी कर्तव्यदक्षता कुणी पाहिली नव्हती. साहेबांनी काळजीने त्याच्या तब्येतीची चौकशी केली.

शेवटच्या दिवशी पिंजऱ्याचा कठडा पुसताना तिला खालच्या बाजूला नखाने कोरलेलं सापडलं – 'अजून किती वेळ?' कुण्या जुन्या साक्षीदाराचं. ती हसत सुटली. तो बघतच राहिला... आणि आपण बघत नाही आहोत असं दाखवायला ऐटीत भिंतीला टेकला. कोपराखाली बारीकसं 'टक्' झालं.

दुसऱ्या दिवशी समिती आली. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश. तडकलेली काच बघून म्हणाले, भिंत सरकतेय, पाडून टाका. ती एकेक ब्रश पिशवीत भरू लागली.

त्याला खोटं बोलायचीही गरज नव्हती. नुसतं गप्प राहायचं होतं. साहेब शेजारीच उभे होते.

"भिंत नाही सरकली," तो म्हणाला. "माझं कोपर लागलं."

अध्यक्षांनी जुन्या सवयीने त्याला पिंजऱ्यात उभं केलं.

"इंजिनीअर ना तुम्ही? लक्ष कुठे होतं?"

"या... हसत होत्या."

साहेबांनी छताची बारकाईने पाहणी सुरू केली. अध्यक्षांनी चष्मा पुसला, साक्ष मान्य केली, आणखी एक महिना दिला आणि ते समितीला घेऊन निघून गेले.

तो कानापर्यंत लाल होऊन पिंजऱ्यातच उभा. तिने नवी काच काढली.

"तुम्हाला... राग तर नाही ना आला?"

"पुन्हा महिनाभर भेटायचं," ती भेगेकडे बघत म्हणाली, "तर हे अहो-जाहो पुरे झालं."

"म्हणजे... मी समजू का, की—"

"समज. आणि जरा बाजूला हो, उजेड अडतोय."